न बांधलेलं लाल फडकं

वीजदुरुस्तीच्या डेपोत मेकॅनिकला सगळेच मामा म्हणत. साहेब म्हणे, झाडूवाली म्हणे, तिच्या दीड वर्षाच्या नातीलाही म्हणे पहिला शब्द तोच आला. खरा हक्क एकट्याचा होता, सात नंबरच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा. तो मामांचा जावई. मामांनीच नोकरीला चिकटवलेला.

मामांचं बोलणं दोन शब्दांचं. ट्रकखालून आधी चपला बाहेर यायच्या, मग पोट, मग मामा, आणि हात पुसत म्हणायचे, "झालंय. न्या." सव्वीस वर्षं. खरोखर दुरुस्त झालं असलं तरी तेच, आणि तारेने बांधून वेळ मारून नेली असली तरी तेच. फरक एवढाच, की वेळ मारून नेलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगला ते लाल फडकं बांधत. ड्रायव्हर विचारी, आज काय बंद? मामा सांगत. याची वही नव्हती, आणि कधी अडलंही नव्हतं.

सात नंबरला वेगळीच खोड लागली. चढावर, चिखलात उपयोगी पडावं म्हणून त्याला एक बटण होतं. ते दाबलं की खालची छोटी मोटर एक दांडा फिरवी आणि मागच्या चाकांबरोबर पुढचीही जोर लावू लागत. आता ती मोटर मनाला येईल तेव्हा, खडखडीत कोरड्या रस्त्यावरही, पुढची चाकं जोडून टाकायची. वळणावर ट्रक आचके द्यायचा, टायर रडायचे. मामांनी नवी मोटर मागितली. साहेबांचं प्रत्येक वाक्य 'कसंय'ने सुरू व्हायचं. कसंय मामा, वर कळवलंय. कसंय, मंजुरी येऊ द्या. कसंय, तोवर तुम्ही आहातच की. आठ महिने नुसतं कसंय.

शेवटी मामा ट्रकखाली शिरले. मोटर उतरवली, पान्याने दांडा फिरवून फक्त मागची चाकं चालतील असा बसवला, मोटर परत लावली, पण तिची वायर सोडून टोकाला टेप गुंडाळली. आता बटण कितीही दाबलं तरी पुढची चाकं ढिम्म. बटणातला दिवा तेवढा लागणार होता. खाली काय चाललंय, त्याचा दिव्याला पत्ता नव्हता.

लाल फडकं हातातच होतं. पण जावई म्हणजे घरचा माणूस. संध्याकाळी लेक-जावई जेवायला येणारच होते, तेव्हा निवांत सांगता येईल, असं म्हणून मामांनी त्या फडक्याला हात पुसले.

संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातच दम भरला. जावयांपुढे ट्रकचा विषय काढायचा नाही. मागच्या खेपेला मामा ताटावरच बोलले होते, क्लचवरचा पाय काढत जा जरा. जावई अर्ध्या ताटावरून उठला होता आणि लेकीने पंधरा दिवस फोन केला नव्हता. तेव्हा मामांनी आमटी वाढली, भात वाढला, हवापाणी काढलं. ट्रकचं ओठांपर्यंत आलं, तशी बायकोने पळी ठेवली. जरा जोरातच. उद्या फाटकात गाठून सांगू, असं ठरवून मामांनी पुढचा भात कालवला.

सकाळी डोंगरावर खांब कलल्याचा निरोप आला आणि मामा पोचायच्या आत सात नंबर निघून गेला. चिखलाच्या चढावर जावयाने बटण दाबलं. दिवा लागला. ट्रक अर्ध्यावर थबकला, मागे घसरला आणि चरात गेला. शेजारी बसलेल्या वायरमनचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

जावई सांगत राहिला, बटण दाबलं होतं, दिवा लागला होता. साहेबांनी लिहिलं, चालकाने बटण न दाबताच चढ घेतला. त्याला फाटकावर दांडी उचलायला बसवलं.

मामांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सव्वीस वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले. दांडा, वायर, टेप, फडकं, सगळं. साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"कसंय मामा," ते म्हणाले, "जावयासाठी माणूस काहीही अंगावर घेतो. मी समजू शकतो."

मामा म्हणाले, चला, ट्रकखाली दाखवतो. साहेब जागचे हलले नाहीत. ट्रक आदल्या दिवशीच बाहेरच्या गॅरेजातून आला होता. खाली नवी कोरी मोटर चमकत होती, वायर जागच्या जागी. आठ महिने न आलेली मंजुरी एका दिवसात आली होती. जुनी मोटर भंगारात गेली होती आणि तिच्याबरोबर मामांचा पुरावा.

मामा लेकीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, पण वाटेतून बाजूला झाली नाही. आतून जावयाचा आवाज आला, "सांग त्यांना, माझ्यासाठी खोटं बोलायचे उपकार नकोत. माझी चूक नव्हती."

त्याची नव्हतीच. मामा तेच सांगायला आले होते. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी सात नंबर मामांनीच बाहेर काढला. फाटकावर जावयाने दांडी उचलली नाही. फाटकाच्या नोंदवहीवर पेन टेकवून, वर न बघता, ड्रायव्हरने मेकॅनिकला विचारावं तसं विचारलं, "झालंय का?"

मामांनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षांचे ते दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

जावयाने स्वतःच वहीत लिहिलं, झालंय, आणि दांडी उचलली.