ओल आणि पाणी

खडकातून वीज कशी जाते, हे मी भूजलाच्या सर्वेक्षणाला गेलो की दर गावात सांगतो. चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आतल्या दोन्हींना मीटर लावायचा. काळा दगड वीज अडवतो, त्याच्या छिद्रांतलं पाणी तिला वाट देतं. मात्र छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. आमच्या आदिलाबादकडच्या दगडात छिद्रं पुष्कळ, पण बरीचशी आपापल्यापुरती बंद. त्यांतून वीजही जात नाही, पाणीही मिळत नाही. एवढं सांगेपर्यंत ऐकणारे चहाला गेलेले असतात.

अक्काच्या वस्तीवर मात्र सगळे थांबले. इंद्रवेल्लीच्या अलीकडची वस्ती, मंजुरी एकाच बोअरची. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. लग्न होऊन तिथे गेल्यापासून ती ओढ्यापलीकडच्या विहिरीचं पाणी डोक्यावर वाहत होती. गुडघे गेले होते तिचे. माझ्याकडे तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली: "घराजवळ पॉइंट निंगते का पाह्य."

उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत वीज शिरत नाही, म्हणून खुंट्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. मी पाणी मागितलं. तिने सकाळी आणलेला हंडा पुढे केला. मी तो ओतला. आमच्या कामात हे नेहमीचंच.

ओढ्याकाठी मीटरवर रोधाचे आकडे मध्यम आले, पाणी देणाऱ्या दगडात येतात तसे. तिच्या परसात मात्र आकडा एकदम घसरला, म्हणजे खाली वीज मजेत धावत होती. चिकणमातीतही आकडा असाच पडतो, हे मला ठाऊक होतं. तिची छिद्रं इतकी बारीक की आतलं पाणी वीज वाहून नेतं, पण माती ते सोडत नाही. आणि दोन काळ्या थरांमधला लाल चिकणमातीचा पट्टा ओढ्यापलीकडच्या विहिरीच्या भिंतीत मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी खूण परसात केली. मला तिथंच पाणी हवं होतं.

बोअरच्या गाडीने आधी काळी भुकटी उडवली, मग लाल चिखलाचे गोळे वर आले, मग पुन्हा काळी भुकटी. दुपारनंतर गाडीवाल्याने नळ्या काढायला घेतल्या. बहिणीच्या परसात पॉइंट दिला, असं कुणीतरी बोललं. खोटं नव्हतं ते. अक्काने एक गोळा उचलून मुठीत दाबला.

"ओल हाय ना रे बापू?"

"ओल हाय, अक्का. पाणी नाई."

तिने मान हलवली आणि हंडा घेऊन विहिरीकडे निघाली. मला रडू यायला हवं होतं. लाज नाही, राग नाही, काहीच आलं नाही. मी खुंट्या पुसल्या, मोजल्या, पिशवीत भरल्या आणि इचोड्याच्या ढाब्यावर पोटभर जेवलो.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो. तिच्या चुलीमागची भिंत लाल सारवलेली होती.

"तुह्याच बोअरची माती हाय," ती म्हणाली. "बरी बसली."

तिने तांब्याभर पाणी दिलं. मी तोंड न लावता वरूनच दोन घोट प्यायलो आणि उरलेलं तिच्या हंड्यात परत ओतलं.