खोट्या राजपुत्रासाठी वाजवलेलं लग्नगीत

१३ ऑक्टोबर १९२८, शनिवार. सकाळी धुकं. लिओबाने नाश्त्याचा पाव तसाच टाकला. दुपारी आलुबुखाराचा केक केला. संध्याकाळच्या खेळाला नोल्टेबाई येणार आहेत असं कळलं.

एवढं लिहून अपोलोनियाने डायरी मिटली आणि सिनेमाघराकडे निघाली. नवरा गेल्यापासून तिथल्या मुक्या चित्रांना ती पियानोची साथ करत असे. घरची चूल त्यावरच पेटायची.

आजचं चित्र मात्र तिच्या घरात शिरलं होतं. दोन वर्षांमागे गावच्या हॉटेलात एक रुबाबदार तरुण उतरला होता. मालकाने विचारलं, "महाराज, आपण राजपुत्र ना?" तो म्हणाला, "नाही हो." झालं, राजपुत्र वेश पालटून फिरतोय, अशी सगळ्यांची खात्री पटली. तो जितका नाही म्हणे तितके लोक खाली वाकत. हॉटेलात काम करणाऱ्या तिच्या लेकीच्या, लिओबाच्या, हाताचं त्याने एकदा चारचौघांत चुंबन घेतलं. पुढे तो भामटा निघाला, पोलिसांनी त्याला धरलं आणि वाकलेलं सगळं गाव ताठ होऊन लिओबाला 'युवराज्ञी' म्हणू लागलं. आता कुणीतरी तशाच भामट्यावर प्रेमकथा काढली होती आणि तिच्यातही हॉटेलातली पोरगी होतीच.

लिओबाचं लग्न सुतार फाइटशी ठरलं होतं. त्याची आई, नोल्टेबाई, स्पष्ट बोलल्या होत्या, "पोरगी गुणाची आहे. पण आजच्या खेळात गाव तिला हसलं, तर हसं मी घरात घेणार नाही. फोडायला ठेवलेली भांडी मी परत वापरायला काढीन." लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात तडा गेलेली भांडी शुभ म्हणून फोडायची तिथली रीत, त्यासाठी त्यांनी ती वर्षभर साठवली होती.

सिनेमाघराचे मालक गासमान पियानोवर रेलले. "अपोलोनियाबाई, स्टेशनच्या प्रसंगाला पोल्काची नाचरी धून घ्या. लोकांना हसायचंय."

"बघते," ती म्हणाली.

पडद्यावर भामटा पकडला गेला. पोरगी स्टेशनवर एकटी उभी राहिली, हातात कोमेजलेली फुलं. मागून आवाज आला, "युवराज्ञी, रुमाल देऊ का?" खसखस पिकली. तिसऱ्या रांगेत लिओबा मान खाली घालून बसली होती. शेजारी फाइट, पलीकडे त्याची आई.

अपोलोनियाची बोटं पोल्कावर होती. ती थांबली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर युडोक्सिया तिला आठवल्या, बोटांवर पट्टी मारत त्या म्हणायच्या, "हळू, अपोलोनिया. नवरी धावत नसते." मग तिने हळूच ती धून सुरू केली, जिच्यावर या भागातली प्रत्येक नवरी आपली फुलं माता मारियेच्या वेदीवर नेऊन ठेवते.

पहिल्या रांगेतल्या कोळसेवाल्याने नकळत टोपी काढली. मग शेजाऱ्याने, मग मागच्यांनी. रुमालवालाही गप्प झाला. त्या सुरांवर हसायला कुणी धजलं नाही. बायकांना आपापल्या लग्नातली वेदी दिसली. नोल्टेबाईंचा नवरा युद्धात मारला गेला होता. त्यांनी पदराआड केल्यासारखा शालीत चेहरा लपवला.

खेळ संपल्यावर गासमान पुटपुटले, "माझ्या सिनेमाघराचं चर्च केलंत."

"तिकिटं तर सगळी गेली ना?" नोल्टेबाई त्यांना म्हणाल्या आणि पियानोकडे वळल्या. "विहीणबाई, जरा जोरात वाजवायचं. माझं रडणं ऐकू येत होतं लोकांना."

अपोलोनियाला हसू आलं. 'विहीणबाई' हा शब्द आजवर त्यांनी उच्चारला नव्हता.

"आणि हो," दाराशी जाऊन त्या थबकल्या, "तडा गेलेलं काही असेल तर काढून ठेवा. माझी भांडी पुरायची नाहीत. माझे नातेवाईक फोडायला उत्साही आहेत."

घराच्या वाटेवर लिओबाने आईच्या हातात हात घातला. घरी आल्यावर तिने केकचे दोन तुकडे संपवले. अपोलोनियाने सिस्टर युडोक्सियांसाठी एक प्रार्थना म्हटली. आयुष्यभर पोट भरणारी बोटं त्यांनी दिली होती. आज त्याच बोटांनी लेकीचं घर राखलं. मग तिने डायरी उघडून लिहिलं:

तडा गेलेले सूपचे दोन वाडगे आणि कान तुटलेला दुधाचा जग फळीवरून खाली काढून ठेवला.