जिलेटीनच्या कागदावरची शाई

१७ ऑगस्ट १९६३, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पौड, मामांचा छापखाना. तापमान तेवीस अंश, आर्द्रता शहाण्णव टक्के. जाळीच्या कपाटात चाळीस छापील कागद पसरून मी दार लावले आणि वहीत एवढे लिहिले. त्या दिवसाची ही पहिली नोंद.

मुळशीच्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते आणि काडी ओढावी तर तिचा गूल गळून पडतो. अशा हवेत साध्या कागदावर छापलेली लग्नपत्रिकाही दुसऱ्या दिवसापर्यंत बोटांना लागते. तरी साधा कागद निम्मी शाई पिऊन टाकतो. जिलेटीनचा पारदर्शक कागद काहीच पीत नाही. शाई त्याच्या पाठीवर तशीच पडून राहते आणि हवेतला प्राणवायू घेऊन तिच्यातले तेल घट्ट होईपर्यंत वाट पाहण्याखेरीज उपाय नसतो. हवा दमट असली की ही वाट लांबते. उष्णता दिली तर काम झटपट होते, पण मग कागद स्वतःतला ओलावा सोडतो आणि आटतो. लेबल दुरंगी होते: आधी लाल फूल, ते वाळल्यावर त्याभोवती सोनेरी किनार. कागद आटला तर किनार फुलाभोवती बसत नाही.

लेबल पुण्याच्या एका उदबत्ती कारखानदारांचे होते. जुलैमध्ये ते मामांकडे आले, तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन मला वर्ष झाले होते आणि सतरा ठिकाणांहून नकार आले होते. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हेच मला नवीन होते.

“आठ तासांत शाई वाळली पाहिजे,” ते म्हणाले, “आणि कागद अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आटता कामा नये. जमवलंत, तर कारखान्यातली रसायनतज्ज्ञाची जागा तुमची. बाई की पुरुष ते मी बघत नाही, मी लेबल बघतो.”

त्या जागेखेरीज मला दुसरे काहीही नको होते. तिच्यासाठी मी महिनाभर पौडला राहिले.

माझी रचना साधी होती. स्वयंपाकघरातले जाळीचे कपाट रिकामे करून घेतले आणि त्यासमोर धान्य उफणायचा, हाताने मूठ फिरवायचा पंखा मांडला. दोहोंच्या मध्ये कळीच्या चुन्याचे चार ट्रे ठेवले. चुना हवेतली वाफ शोषून घेणार, कोरडा वारा कागदांवरून जाणार, आणि विस्तवाचा कुठे संबंध येणार नव्हता. प्रत्येक कागदाच्या दोन टोकांना, बरोबर दोनशे मिलिमीटर अंतरावर, मी दोन बारीक फुल्या छापून घेत असे. उघड्यावर शाई वाळायला बावीस तास लागले होते. नुसत्या पंख्याने सोळा, चुन्यासह अकरा, आणि शाईत कोबाल्टचे वाळवणद्रव्य मोजून मिसळल्यावर सात तास चाळीस मिनिटे. फुल्यांमधले अंतर तेव्हा १९९.८ होते.

“बी. एस्सी. झालीस ती वाळवण घालायला होय?” मामा म्हणाले. पण त्या रात्री जेवताना त्यांनी माझी वही मागून घेतली आणि दोनदा वाचली.

पंखा फिरवायला शेजारच्या भरे गावाहून एक मावशी चालत येत. भातलावणी उरकल्यामुळे त्यांना सवड होती. हात न थांबवता त्या दिवसभर बोलत.

“ताई, ह्यो कागुद हाय का बाळंतिणीचं पोर? ऊन नगं, धूळ नगं, बोट नगं. मंग ह्याला पायजे तरी काय?”

“वारा,” मी म्हणे.

“वारा काय, आमच्या डोंगरावर फुकट हाय. हितं मूठ फिरवून हात मोडतोय माजा.”

मी हसत असे, पण उत्तर वाढवत नसे. पंखा एका लयीत फिरवायचा, एरवी दार उघडायचे नाही, तासातासाने तेवढे किलकिले करून कोपऱ्यावरच्या शाईला बोट लावून पाहायचे, एवढेच मी त्यांना शिकवले होते. कागद आटतो आणि आटला की वाया जातो, हे मी त्यांना कधीच सांगितले नाही. सांगण्याची गरज आहे, असे मला वाटलेच नव्हते.

सतरा तारखेच्या चाचणीसाठी ताजा चुना यायचा होता, तो आला नाही. मागच्या वेळचा चुना ट्रेमध्ये होता. एरवी मी प्रत्येक चाचणीआधी ट्रे तोलत असे. वजन वाढले म्हणजे चुन्याने किती पाणी घेतले ते कळे. त्या सकाळी मी ते तोलले नाहीत. कारखानदार तीनला येणार होते, आठ तास भरायला हवे होते, आणि मागची चाचणी फार चांगली झाली होती.

दहा वाजता पोस्टातून निरोप आला, की पुण्याहून कारखानदारांचा ट्रंककॉल येणार आहे. मामा जाऊ शकले असते. पण त्या जागेविषयी दोन शब्द स्वतः बोलावेत म्हणून मीच गेले. लाइन लागायला साडेबारा वाजले. “येतो,” एवढेच ते म्हणाले आणि आवाज तुटला.

परत आले तेव्हा पंखा थांबलेला होता आणि कपाट उघडे होते. मामा पलीकडे पाठमोरे बसून छपाईचे खिळे जुळवत होते. पडवीत घमेल्यातल्या निखाऱ्यांवर राख पसरून, त्यावर कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घातले होते. डालग्यावर माझे कागद अंथरलेले होते. मावशींनी एक उचलून गालाला लावला.

“वाळलं, ताई! समदं वाळलं. धा वाजून गेलं तरी बोटाला लागतच हुतं, तुमचा चुना तर पिठावानी झालेला. म्हनलं, पाव्हनं यायचं, ताईचं नाक कापलं जाईल. तान्ह्याचं फडकं वाळवतो तशी गालाला सोसंल एवढीच ऊब दिली बगा. एक कागुद करपू दिला न्हाई.”

मी बोट फिरवले. शाई खरोखरच वाळली होती, काचेवर असावी तशी स्वच्छ. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. अडीच तास मी न मोजता बसून राहिले. शास्त्र शिकलेल्या माणसाने जे कधीच करू नये ते केले.

कारखानदार वेळेवर आले. धोतराचा सोगा लाल फुलावर घासून त्यांनी तो उजेडात धरला. “वा! डाग नाही.” मग मामांनी सोनेरी शाई लावली आणि पाय छपाईयंत्राच्या ट्रेडलवर ठेवला. पहिला कागद निघाला; किनार पाकळीवरून गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदावरही तसेच झाले. मामा यंत्र थांबवून माझ्याकडे न पाहता हात पुसू लागले.

“दहा वर्षांनी कदाचित जमेल,” कारखानदार म्हणाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. दोन महिन्यांनी त्या जागेवर एक पदवीधर नेमला गेला. आज मी शाळेत सामान्य विज्ञान शिकवते. त्यानंतर दुसरी चाचणी मी केली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.

गाडी गेल्यावर मावशी जवळ आल्या. “शाई वाळली न्हवं? मंग त्वांड का असं?”

तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले: ओलावा, आटणे, फुल्या, किनार. सगळे मिळून चार वाक्ये झाली.

“येवढंच व्हतं व्हय?” त्या म्हणाल्या. “मंग आदी सांगायचं व्हतं की, ताई. आमी काय बहिऱ्या हाय? आटतंय म्हनलं असतं, तर इस्तवाच्या वाटंलाबी गेली नसती मी.”

चुना निकामी झालाच होता. त्यांनी हात लावला नसता तरी शाई ओलीच राहिली असती, असे म्हणून मी त्यांचे समाधान करू शकले असते. ते मी म्हटले नाही. त्या पदर डोक्यावर घेऊन भऱ्याच्या वाटेला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी साडेपाच वाजता मी मोजपट्टी काढली. चाळीसपैकी जो सर्वांत सपाट राहिला होता तो कागद काचेखाली दाबला, दोन फुल्यांमधले अंतर तीनदा मोजले, आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला, म्हणून तो वहीत लिहिला: १९३.५.