उजवीकडचा रकाना

गाडीत दोन माणसं असली की हायवेवरची मोकळी कारपूल लेन मिळते, एवढ्या क्षुल्लक कारणावरून आमची मैत्री सुरू झाली. तो तैवानचा, मी नागपूरचा. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये तो माझ्या घरापासून दोन रस्ते सोडून राहायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि कंपनीतही माझ्या कितीतरी आधीपासूनचा. आमची कंपनी चिप डिझाइन करते, त्या बनतात मात्र तैवानच्या कारखान्यांत. त्या कारखान्यांशी बोलणं हे त्याचं काम आणि माल वेळेवर येईल ना, याची काळजी करणं हे माझं. बायको म्हणते, काळजी करायचा पगार घेणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच.

गाडी माझी, कॉफी त्याची आणि चिवडा माझ्या आईचा, अशी आमची वाटणी होती. नागपूरहून इकडे येणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत आई चिवड्याची पिशवी कोंबते. तो चिवडा माझ्याहून जास्त त्यानेच खाल्ला. आईला फोनवर तो 'चिवडेवाला' म्हणूनच माहीत होता.

गेल्या वर्षी मॅनेजरने मला एक काम दिलं. शेजारच्या मोठ्या देशाने उद्या बेटाची नाकेबंदी केली, तर आपल्या ऑर्डर कुठे हलवायच्या याचा आराखडा करायचा. पहिल्याच स्लाइडवर दोन्ही सैन्यांची तुलना हवी होती. डावीकडे चीन, उजवीकडे तैवान. सैनिक, लढाऊ विमानं, युद्धनौका, पाणबुड्या. आणि सगळ्यांत खाली एक चौकट: बेट किती दिवस तग धरेल.

मला मजा आली. सांगताना लाज वाटते, पण आली. आम्ही चार मराठी पुरुष कुणाच्या घरी जमलो की चहा संपायच्या आत दोन-तीन देशांची युद्धं लढून जिंकतो. कुणाकडे किती रणगाडे, कुणाचं विमान भारी, यावर तावातावाने भांडतो आणि मग पोरांना शोधून घरी जातो. इथे त्याच उद्योगाचा पगार मिळत होता. मी सुट्टीचे दिवसही त्यात घातले. पाणबुड्यांच्या ओळीत उजवीकडची पट्टी इतकी आखूड आली की दिसेचना. मी ती जरा जाड केली, स्लाइड चांगली दिसावी म्हणून.

"बैठकीला त्याला बोलवायचं ना?" मी मॅनेजरला विचारलं.

"त्याचं घर आहे तिथे," ती म्हणाली. "त्याला हे ऐकणं जड जाईल. आत्ता नको."

मी ओके म्हणालो. ती त्याच्या भल्यासाठीच सांगतेय, असं स्वतःला पटवलंसुद्धा. ऑर्डर दुसरीकडे गेल्या की त्याचं कामच संपणार होतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्यानंतर गाडीतला तो तास मला खायला उठायचा. तो शेजारी बसून कॉफीचा थर्मास उघडायचा, माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करायचा आणि मी हो-नाही करून पॉडकास्ट लावायचो. मला त्याचा रागही यायला लागला होता. हा माणूस इतका चांगला का वागतो, असा काहीतरी बिनडोक राग.

मग गाडीनेच माझं पितळ उघडं पाडलं. फोनवर आलेला मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवायची सोय मी हौसेने चालू करून ठेवली होती. हायवेवर असताना गाडीतली ती गोड आवाजाची बाई मॅनेजरचा मेसेज वाचू लागली. "बेटाची स्लाइड उत्तम झाली आहे. उजवीकडचा रकाना लाल कर. आणि त्याला अजून काही कळू देऊ नकोस."

मी बटणं दाबत सुटलो. बाईने सगळं वाचूनच दम घेतला. त्याच्या तळहातावर चिवडा होता. तो त्याने सावकाश संपवला, हात पुसले आणि म्हणाला, "लेन बदल. पुढची एक्झिट आपली."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली तरी तो उतरला नाही. "दाखव," म्हणाला. मी मागच्या सीटवरचा लॅपटॉप घेऊन उघडला. त्याने विमानं पाहिली नाहीत, नौका पाहिल्या नाहीत. सैनिकांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"यातला एक मी होतो," तो म्हणाला.

आमच्याकडे कॉलेजनंतर नोकरी शोधतात, त्याच्या वेळी तिकडे आधी सैन्यात जावं लागायचं. त्याला पाठवलं होतं एका टीचभर बेटावर, तेही चीनच्या किनाऱ्याला अगदी चिकटून. समोरून भोंग्यांवर भाषणं आणि गाणी यायची, इकडूनही भोंगे लावून उत्तर जायचं. त्या गोंगाटात तो पहाऱ्यावर उभा असायचा.

"समोर किती आहेत आणि आपण किती, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं," तो म्हणाला. "कुणी कधी तक्ता काढला नाही."

मी सॉरी म्हणालो. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"मी नोकरी सोडतोय," तो म्हणाला. "परत जातोय. आई अठ्ठ्याऐंशीची झाली. तुला कधीचं सांगायचं होतं, पण तू हल्ली गाडीत बोलतच नाहीस."

मला आधी शरम वाटायला हवी होती. मी भडकलो. "तू कुठे चाललायस ते कळतंय का तुला? मी सगळं वाचलंय. हे आकडे बघ ना! आईला इकडे घेऊन ये."

"ती येत नाही. तिची भाजीवाली, तिचा डॉक्टर, तिचं देऊळ, सगळं तिथे."

"आणि युद्ध झालं तर?"

"तर ती एकटी असेल," तो म्हणाला. "तुझी स्लाइड खरी असेल तर मला लवकरच जायला हवं."

मग तो थर्मास घेऊन उतरला. ऑफिसात शिरताना माझ्यासाठी दार धरून उभा राहिला, रोजच्यासारखा.

बैठकीत मी उजवीकडचा रकाना लाल करूनच नेला. हे लिहिताना वाटतं, निदान तो रंग तरी बदलायचा. पण मी बदलला नाही. खालच्या चौकटीतला आकडा मी ठणठणीत आवाजात वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकाने लंचचं विचारलं. त्या बेटावर कुणाची तरी आई रोज भाजी आणायला जाते, असं म्हणायला मी तोंड उघडलं नाही.

तो गेला. विमानतळावर मीच सोडलं. चिवड्याची उरलेली पिशवी त्याने आठवणीने मागून घेतली. आता मी ऑफिसला एकटाच जातो, बाकीच्या रांगांतून, रखडत. कारपूल लेनमधल्या गाड्या शेजारून निघून जातात आणि मला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. नागपूरवर कुणाची क्षेपणास्त्रं रोखलेली नाहीत. तिथे जायला मला कुणी अडवलेलं नाही. आधी ग्रीन कार्ड येऊ दे म्हणालो, ते आलं. मग मुलीची शाळा संपू दे म्हणालो, ती संपली. बाबा गेल्यापासून आई त्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि गुडघ्यांमुळे जिना उतरायचं टाळते. मग जात का नाहीस, असं मला कुणी विचारलं, तर माझ्याकडे सांगण्यासारखं एकही कारण नाही.

शनिवारी संध्याकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा तिच्याकडे रविवारची सकाळ असते.

"चिवडेवाला कसा आहे रे?" परवा तिने विचारलं.

"गेला तो, आई. तैवानला. कायमचा."

"काहून? तिकडे तर युद्ध होईल म्हणतात ना टीव्हीवर?"

"म्हणतात खरं."

"तरी गेला?"

"त्याची आई असते तिथे. म्हातारी झालीये."

"किती वर्षांची आहे?"

"अठ्ठ्याऐंशी."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, आता विचारणार. मी स्क्रीनवरून नजर काढून घेतली आणि उत्तर जुळवायला लागलो: ऑफिसात नवीन प्रोजेक्ट आहे, पुढच्या दिवाळीला नक्की.

"मग माझ्याहून बरीच मोठी आहे," आई म्हणाली. लहानपणी मी पडलो की समजूत घालायची, त्याच आवाजात. "मी आत्ताशी एक्क्याऐंशीची. तुला अजून वेळ आहे, बाप्पा."