वाचून केलेल्या सत्तावन्न सह्या

हा लेख लिहायला मी कोण, असं मला सुरुवातीला वाटलं आणि अजूनही वाटतं. नामदेव आबांना तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं आमच्या गावात आहेत. मी त्यांना नीट ओळखू लागलो त्याला जेमतेम अडीच वर्षं झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराखेरीज आजवर सलग तीन पानं काही लिहिलेलं नाही. पण जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या संघाचे चिटणीस भाऊसाहेब म्हणाले, "तूच लिही. आम्ही लिहिलं तर त्याचा ठराव होईल." तेव्हा कुठे चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आबांना जाऊन आता पाच आठवडे झाले.

एरंडोलपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे आबा ग्रंथपाल होते, पण त्यांच्या नेमणुकीचा कागद असा कधी नव्हताच. फार वर्षांपूर्वी तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते, "उद्यापासून किल्ली तू ठेव." झाली नेमणूक. मधल्या एका अध्यक्षांचं काहीतरी बिनसलं, ते म्हणाले, "किल्ली दे." झाली बडतर्फी. आठ महिने आबा घरी बसून होते. पण नव्या माणसानं कपाटं आवरताना सगळी पुस्तकं जाडीप्रमाणे लावली. पंचांगाशेजारी पाककृती, तिच्याशेजारी शेतकी... वाचक वैतागले आणि आबांना परत बोलावणं आलं. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. पण त्या आठ महिन्यांत ते रोज सकाळी ठरल्या वेळी वाचनालयाच्या समोरच्या ओट्यावर येऊन बसायचे, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

म्हणूनच संघानं ग्रंथालयांच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून मंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरवलं, तेव्हा आबांचा जीव त्यातल्या तिसऱ्या मागणीत अडकला. समितीच्या मनात आलं म्हणून ग्रंथपालाला काढता येऊ नये, अशी ती मागणी. चार पानांचं सायक्लोस्टाईल केलेलं निवेदन जळगावहून आलं, सोबत भाऊसाहेबांची चिठ्ठी: प्रत्येक गावानं पंधरा दिवसांत जमतील तितक्या सह्या आणाव्यात. मला वाटलं, आबांसाठी काहीतरी करून दाखवण्याची हीच वेळ. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये तासाभरात तीनशेवर सह्या घेतल्या आणि शनिवारी गावी येऊन तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. "ह्यातल्या कितींनी वाचलं?"

मी गठ्ठ्याच्या कडा जुळवू लागलो.

"आणि ही कोणाची सही?" त्यांनी कागद वळवला. तिथे लिहिलं होतं: 'समोसे दोन, चहा एक.'

मी म्हणालो, "आबा, मंत्री काही एकेक सही बघत नाहीत. गठ्ठा किती जाड आहे ते बघतात."

"म्हणजे तोही जाडीप्रमाणेच लावतो म्हण की," आबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "तू वाचलंस?"

"पहिलं पान वाचलं..."

त्यांनी पट्टी घेतली, माझ्या सहीवर सरळ रेघ मारली आणि गठ्ठा कपाटावर टाकला. त्या दिवशी मला फार राग आला होता, हे इथे कबूल करतो.

मग सुरू झाली आबांची मोहीम. ज्याला वाचता येतं त्यानं समोर बसून चारही पानं वाचायची, ज्याला येत नाही त्याला आबा वाचून दाखवणार, आणि कळलं की नाही ते विचारून मग सही किंवा अंगठा. एका माणसाला पाऊण तास लागायचा. आबा येताना दिसले की पारावरची माणसं उठून शेताकडे चालू लागायची. वाचनालयाचे सध्याचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे कापड दुकानदार शेठजी. त्यांनी दुकानात गादीवर बसून तिसरी मागणी दोनदा वाचली.

"आबा, म्हणजे उद्या मला तुम्हाला काढता येणार नाही?"

"नाही."

"आणि त्यावर सही मीच करायची?"

"वाचून."

"मग अध्यक्ष म्हणून माझ्याकडे राहिलं काय?"

"पंधरा ऑगस्टचं भाषण," आबा म्हणाले.

शेठजी इतके हसले की गिऱ्हाईक कापड तसंच टाकून बघायला लागलं. सही त्यांनी केली, पण नंतर भेटेल त्याला सांगत राहिले, "आबांना मी काढू शकतो बरं का, अजून कायदा झालेला नाही."

लक्ष्मी अक्कांची गोष्ट वेगळी. अक्का भाजी विकतात, बोलतात ती अहिराणी, त्यांना अक्षर येत नाही, पण सुनेसाठी त्या दर बाजारच्या दिवशी एक पुस्तक नेतात. आबांनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. आजारपणाच्या रजेची मागणी आली तशी अक्कांनी त्यांना थांबवलं. "आन बाईले बाळंतपननी सुट्टी कोठे शे ह्यामा?"

आबा म्हणाले, "अक्का, ग्रंथपाल बहुतेक पुरुषच असतात."

"आज पुरुष शेत. मनी नात काय भाजीच इकी का?"

नातीनं जन्मभर भाजीच विकायची का, असं अक्का विचारत होत्या. आबांनी पेन काढून समासात चौथी मागणी लिहिली, पुढच्यांचे क्रमांक बदलले, आणि त्याआधी ज्यांच्या सह्या झाल्या होत्या त्या सगळ्यांकडे परत गेले, कारण त्यांनी ही मागणी वाचलेली नव्हती! शेठजी म्हणाले, "आता मात्र काढतोच." पंधरा दिवसांत झाल्या सत्तावन्न सह्या. त्यात शेवटची माझी. चारही पानं वाचून, समासासकट.

जळगावच्या सरकारी विश्रामगृहावर मंत्री येणार होते. बाकीच्या गावांचे गठ्ठे दोरीनं बांधलेले, आमची शाळेची एक पातळ वही. भाऊसाहेब कळवळून म्हणाले, "आबा, तुमच्या गावात माणसं राहतात ना?" वहीत ज्यांची सही त्यांना येण्याचा हक्क, असं आबांनी गावात सांगून ठेवलेलं, त्यामुळे अक्काही आमच्याबरोबर एस.टी.नं आल्या होत्या. मंत्र्यांनी गठ्ठ्यांवरून नजर फिरवली, घड्याळ बघितलं आणि सहज विचारलं, "तिसरी मागणी नेमकी काय आहे?"

सगळे गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडू लागले. भाऊसाहेबांनी खिसे चाचपले, चष्मा जीपमध्ये राहिला होता. आबा बोलायला पुढे झाले आणि परत मागे सरकले. स्वतःसाठी मागतोय असं दिसेल, याची त्यांना लाज वाटत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात मागून अक्का म्हणाल्या, "मनमा उनं म्हनीसन आबाले काढी टाकानं नही. हाई तिसरं शे. चवथं बाळंतपननं, ते मी सांगेल शे."

मंत्री हसले. मग हसायचे थांबले आणि बाकीच्या मागण्याही त्यांनी अक्कांकडूनच ऐकून घेतल्या. सचिवांना म्हणाले, "हे लिहून घ्या." परतताना भाऊसाहेब आमच्या वहीकडे नुसतं बघत होते.

त्यानंतर दीड वर्ष काहीच झालं नाही. आबांचा दमा वाढला, मुलीनं त्यांना धुळ्याला नेलं, आणि तिथे दवाखान्यात ठेवावं लागलं. तशात संघाकडे सरकारचं पत्र आलं. भाऊसाहेबांनी त्याची नक्कल मला दिली आणि मी दुपारची गाडी धरली. वाटेत ते पत्र मी तीनदा वाचलं आणि ठरवलं, की शेवटची ओळ आबांना वाचून दाखवायची नाही.

खाटेजवळ बसून मी वाचू लागलो. सुधारणेच्या मसुद्यात तिसरी मागणी घेतली होती, चौथीही. आबांनी डोळे मिटले. मी कागदाची घडी घातली.

"पुढे?"

"पुढे सही आहे, आबा."

"सहीच्या वर काय शे?" आजारपणात आबा घरच्या अहिराणीतच बोलू लागले होते.

त्यांच्यापुढे खोटं बोलणं मला जमलं नाही. मी घडी उलगडली आणि वाचलं: ही तरतूद यापुढे नव्याने नेमल्या जाणाऱ्या ग्रंथपालांनाच लागू राहील.

 आबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं उबळ आली, मी पाण्याचा तांब्या उचलला... पण ते हसत होते.

"शेठजीले सांग," ते म्हणाले, "माले आजून बी काढता येस. पन आते घाई करा."