मावशीच्या शाली

आमच्या गावात इतिहास मंडळ आहे आणि त्याचा चिटणीस मी आहे. दोन्ही गोष्टींची मला लाज वाटते, पण राजीनामा दिला तर निरोपाचा सत्कार करतील, म्हणून थांबलोय.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मारुतीच्या सभामंडपात व्याख्यान असतं. परभणीहून कुणीतरी निवृत्त प्राध्यापक येतात आणि सातवाहनांपासून सुरुवात करतात. त्या राजांशी गावाचा संबंध एवढाच, की संडासाचा खड्डा खणताना एक रुंद वीट निघाली. आम्ही ती लाल कापडावर मांडली, तिला हार घातला. ताडकळसच्या एका माणसानं ती निरखून बघितली आणि "ही तर आमच्याकडच्या भट्टीतली हाय" असं सांगितलं. अध्यक्षांनी त्याला खाली बसवलं. विटेला हार अजून पडतो.

व्याख्यान आटोपतं वीस मिनिटांत. बाकी सगळा वेळ सत्कार. पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, मंडपवाल्याचा, मागच्या खेपेला रुसून गेलेल्यांचा. त्यात आमचा एक नियम आहे: ज्याला शाल मिळाली त्यानं बोलायचं नाही, नुसते हात जोडायचे, नाहीतर लांबतं. हा दिव्य नियम माझ्याच डोक्यातून निघालेला.

माझ्या गल्लीत एक मावशी राहते, सत्तरी ओलांडलेली. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरचा पाझर तलाव झाला, तेव्हा ती त्या कामावर माती वाहायला होती. तिच्या शेजारी एक परगावची बाई खपायची. एके दिवशी दरड कोसळली आणि ती बाई मातीखाली गेली. तिचं कुणी विचारायलाही आलं नाही. ती कोण, हे एकट्या मावशीला माहीत होतं, आणि गावासमोर एकदा तिचं नाव घ्यावं एवढीच मावशीची इच्छा. "फकस्त नाव घ्यायचंय बाबा, दुसरं काय न्हाई," असं ती मला दर वेळी सांगायची. मी दर वेळी मान डोलवायचो आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून तिला शाल पांघरायचो. झालं, तोंड बंद.

एकदा तिनं शाल अंगावर असतानाच माझ्या हातातून माइक घेतला. "माझ्या बाजूला जी बाई व्हती, दरड बसली तवा..." एवढं ती बोलली आणि बाहेर प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. मी माइक काढून घेतला. "मावशी, वेळेचं बंधन आहे," म्हणालो आणि स्वागताला लागलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं शालीची नीट घडी घातली आणि निघून गेली. पुन्हा ती सभामंडपात आली नाही.

मागच्या महिन्यात मंडळानं तलावावर फलक लावायचं ठरवलं. त्यावर तेव्हा नारळ फोडणारे पुढारी, ठेकेदार आणि अर्थातच आम्ही सगळे. शेवटी अध्यक्षांना सुचलं, "एखाद्या मजुराचं नाव असू द्या खाली, बरं दिसतं." मी त्या बाईचं नाव विचारायला मावशीकडे गेलो. सवयीनं शाल घेऊन गेलो, हे सांगायलाही आता जिवावर येतं.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग पेटी उघडून आमच्या सगळ्या शाली माझ्या मांडीवर ठेवल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट.

"घेऊन जा. तुमाला पुढच्या सत्काराला लागतील," ती म्हणाली. "ते नाव गावातल्या समद्या बायांला ठावं हाय. बचत गटात सांगितलं मी. आमी दर साली तलावावर तिच्या नावानं दिवा लावताव. तुमी विटंला हार घालत बसा."

शालींचा गठ्ठा घेऊन मी भर दुपारी गल्लीतून घरी आलो. बायको ज्वारी निवडत होती. तीही त्याच बचत गटात आहे.

"त्या बाईचं नाव तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"हाय की. लय वर्सं झाली."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

मी वही काढली, पेन उघडलं आणि तिच्यासमोर बसलो. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे बघितलं, शालींकडे बघितलं.

"मावशीलाच इचारा," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला मोकळ्या हातानं जावा."