लाकडी पेट्यांतले प्रवासी

सुरतेत यंत्रमाग आयात करणाऱ्या ऑफिसात मी तीस वर्षं कागद फाइलला लावले. किस्से लावायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते घरी घेऊन आलो.

*

माग परदेशातून जाड लाकडी पेट्यांत येत. लाकूड तापवून किडे मारलेत, असा शिक्का पेटीवर आणि सर्टिफिकेट फाइलीत. एकदा कडोदऱ्याच्या गोदामात पेटीतून लांब मिशांचा काळा किडा निघाला. मी शेठना दाखवला. शेठ शांतपणे म्हणाले, "सर्टिफिकेट छे ने? तो पछी कीडो नथी."

किडा तोवर सर्टिफिकेटवर चढला होता.

*

पाठवणाऱ्या कंपनीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं: माग आमचा, लाकूड शेजारच्या देशाचं, आणि जहाज वाटेत तिसऱ्याच बंदरात थांबलं होतं, किडा नेमका कुठला, ते आपणच कळवावं.

मी किड्याकडे बराच वेळ पाहिलं. पासपोर्ट नव्हता!

*

मग सरकारी तपासनीस आले. म्हणाले, याची अळी लाकडात वर्ष-वर्ष गुपचूप खात बसते, इथल्या झाडांना याची ओळख नाही, एकदा सुटला की आवरणार नाही, लाकूड जाळा. मी रजिस्टरात लिहिलं, "विल्हेवाट लावली."

आमच्याकडे विल्हेवाट म्हणजे सुकलालआप्पांची हातगाडी. आप्पा आमचे हमाल, मूळचे धुळ्याकडचे, राहणार लिंबायत, सुरत. फळ्या ज्याला हव्या त्याला फुकट मिळत. इतक्या वर्षांत कोणाकोणाच्या घरी मी काय धाडलं, हे त्या रजिस्टरात सापडणार नाही.

*

आप्पांनी त्याच फळ्यांची मुलीच्या लग्नासाठी खाट केली. व्याह्यांची धुळ्यात लाकडाची वखार, तेव्हा खाट तोलामोलाची हवी. एका दुपारी वीज गेली, गल्लीतल्या मागांचा खडखडाट थांबला, आणि मुलगी म्हणाली, "आप्पा, खाटमा कोनीतरी खाई ऱ्हायनं."

आप्पा माझ्याकडे आले. मी खरं ते सांगितलं. ही खाट वखारीत गेली तर व्याही बुडतील, म्हणून आप्पांनी ती फोडून जाळली. व्याह्यांना वाटलं, खाट द्यायची नाही म्हणून बहाणा. लग्न अडलं.

खाट फोडताना एक किडा बाहेर आला होता. मेलेला काय, कुठूनही उचलता येतो; म्हणून आप्पांनी पुरावा काडेपेटीत जिवंतच ठेवला आणि धुळं गाठलं. वखारीत पोचल्यावर पेटी सागाच्या थप्पीवर ठेवली आणि आधी चहा घेतला.

चहा झाल्यावर पेटी उघडली. आत काही नव्हतं. कडेला एक गोल भोक होतं.

व्याह्यांनी पेटी उलटसुलट करून पाहिली. मग थप्पीकडे पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले.